अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या कचेऱ्यांतून दस्तऐवजांच्या ज्या नकला मिळत, त्यांच्या तळाशी 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा आणि त्याखाली रुजवात घेणाऱ्या कारकुनाची सही असे; आणि ज्या कागदावर हा शेरा नसे, त्याला पुढच्या कोणत्याही दफ्तरात कवडीची किंमत नसे. हा विस्मृतीत गेलेला शेरा मला अलीकडे एकाएकी आठवला, याला निमित्त झाले माझ्या पुतण्याच्या मुंजीचे.

ही मुंज २००४ साली सांगलीच्या एका मंगल कार्यालयात लागली. चित्रण करणाऱ्या गृहस्थांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते मिनीडीव्ही नावाच्या, काड्यापेटीहून जरा मोठ्या टेपवर केले, त्यातून दीड तासाची एक डीव्हीडी आम्हांस करून दिली, आणि टेपा महाग असल्यामुळे ती टेप पुसून बहुधा पुढच्याच मुहूर्ताला दुसऱ्या कोणाच्या लग्नासाठी वापरली. म्हणजे खरे अस्सल तेव्हाच गेले. आमच्या कपाटात राहिली ती पहिली नक्कल, आणि वीसएक वर्षे तिलाच आम्ही अस्सल मानीत आलो. पुतण्या आता नोकरीनिमित्त परदेशी असतो. त्याच्या बिऱ्हाडी चकती घालण्याचे यंत्रच नाही, जे काही पाहायचे ते मोबाइलवर. "काका, मुंजीची फिल्म फोनवर चालेल अशी करून पाठवा ना," एवढीच त्याची मागणी होती, आणि ती इतकी माफक वाटली की मी चकती उचलून सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन दिली.

अर्ध्या तासात पेन ड्राइव्ह हाती आला. फोनवर फिल्म चालली खरी. परंतु २००४ साली शेलाट्या असलेल्या आमच्या वहिनी तीत चांगल्या आडव्या पसरल्या होत्या, भटजी जवळजवळ चौकोनी झाले होते, आणि कोणाचाही हात हलला की त्याच्या कडांना फणीच्या दात्यांसारख्या बारीक आडव्या रेघा फुटत होत्या. रूपांतर झाले होते, याविषयी वाद नव्हता. पण खाली तो शेरा मारण्याची माझी छाती झाली नाही, आणि मग हे प्रकरण मुळापासून समजून घेण्याचा मी निश्चय केला.

पहिला गैरसमज नावाचा असतो. फाइलच्या नावापुढे जी एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, व्हीओबी अशी शेपटी असते, ती चित्राची जात सांगते असे आपण समजतो. वस्तुतः ती केवळ लखोट्याची जात सांगते. आतला मजकूर कोणत्या लिपीत आहे ही बाब अगदी निराळी. एकाच आकाराच्या लखोट्यात बाळबोधीत लिहिलेले पत्र असू शकते तसे मोडीतलेही असू शकते, आणि ज्याला मोडी वाचता येत नाही त्याला लखोटा ओळखीचा असून काय उपयोग! चित्रफितीच्या बाबतीत या लिपीला कोडेक म्हणतात. डीव्हीडीवरचा मजकूर एमपेग-२ या लिपीत असतो. आज सर्वत्र चालणारी एच.२६४ ही लिपी मे २००३ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली, तिच्यानंतरची एच.२६५ अथवा एचईव्हीसी २०१३ सालची, आणि एव्ही१ ही २०१८ची. लखोट्यांपैकी एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टने १९९२ साली काढला, आणि एमकेव्ही २००२ साली निघाला. एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचे मात्रोस्का हे नाव पडले. त्यात चित्र, अनेक भाषांतील ध्वनी, उपशीर्षके असे काय वाटेल ते एकात एक कोंबता येते. पुष्कळ लोक एमकेव्हीची शेपटी खोडून तेथे एमपीफोर असे लिहितात आणि फाइल बदलली असे मानतात; पण तो लखोट्यावरचा पत्ता खोडण्याचा प्रकार होय, आतल्या पत्राला त्याची वार्ताही नसते.

आता मुळात लिपीची गरज का पडावी? हिशेबच मांडून पाहू. आमच्या डीव्हीडीवरचे प्रत्येक चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. इतके सगळे इमानाने लिहून ठेवायचे तर एका सेकंदाला ३१ एमबी लागतील आणि दीड तासाच्या मुंजीला सुमारे १६८ जीबी. चकतीवर मात्र ती अवघ्या सव्वाचार जीबींत मावली आहे. चाळीस हिश्शांतला एक हिस्सा राहिला, एकोणचाळीस गेले, आणि तरी भटजी भटजीच दिसतात, ही किमया आहे तरी काय?

तिचा थोडा भाग डोळ्याच्या दुबळेपणावर चालतो. उजेड-अंधार आपल्याला बारकाईने कळतो, रंग मात्र ढोबळ कळतो. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्यामागे ठेवून रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकदाच केली जाते. परंतु खरी काटकसर होते ती निराळ्या ठिकाणी, आणि ती ज्याने तलाठ्याचे दफ्तर पाहिले आहे त्याला चटकन समजेल. जमिनीत दर वर्षी बदल होतो म्हणून कोणी दर वर्षी साऱ्या गावाची मोजणी करीत नाही. एक सातबारा पूर्ण लिहिलेला असतो आणि पुढे जो जो बदल होईल त्याची तेवढी नोंद फेरफाराच्या वहीत पडते. चित्रफितीतही अधूनमधून एकेक चित्र संपूर्ण लिहिलेले असते आणि त्यापुढच्या चित्रांबद्दल 'मागीलप्रमाणे. फक्त बटूचा उजवा हात चार ठिपके वर सरकला' एवढीच नोंद असते. फोनवर फिल्म मध्येच पुढे ढकलताना ती आपल्या बोटाला हवी तेथे न थांबता थोडी अलीकडे-पलीकडे उडी का मारते, याचे कारणही हेच. नुसत्या फेरफाराच्या नोंदीवरून जमीन दिसत नाही, आधी जवळचा सातबारा गाठावा लागतो.

या पद्धतीची कसोटी पाहायची असेल तर मंगलाष्टकांच्या अखेरीस पाहावी. तोवर सारे कसे सुरळीत चाललेले असते: अंतरपाट स्थिर, मांडव स्थिर, माणसे पुतळ्यासारखी उभी, फेरफारवाल्याला काम असे नाहीच. आणि एकदम 'सावधान' होताच चहूबाजूंनी शेकडो अक्षता उडतात, प्रत्येक दाणा आपल्या दिशेने, आपल्या वेगाने, मागच्या चित्राशी कसलाही संबंध न ठेवता. नोंदी लिहिणारा गांगरतो, त्याला दिलेला कागद संपतो, आणि मग तो सरसकट ठोकळे टाकून वेळ मारून नेतो. दुकानातून आलेल्या फाइलीत नेमक्या त्या पाच-सात सेकंदांत बटूच्या तोंडावर बुद्धिबळाचा पट उमटला होता.

ठोकळे येतात तेही एका सुंदर गणितातून, आणि त्या गणिताचा कर्ता बंगळूरचा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. नासीर अहमद हे बंगळूरला जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी एक कल्पना मांडून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितले. ते नाकारले गेले, कल्पना फारच साधी आहे असे एका परीक्षकाला वाटले. त्यांनी मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्या साहाय्याने ते काम स्वतःच तडीस नेले आणि त्यावरील निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना अशी की, चित्राचे आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद असे चौकोन पाडावेत, आणि प्रत्येक चौकोनातले आकडे जसेच्या तसे न लिहिता स्थूल लाटांपासून सूक्ष्म लाटांपर्यंत अशा चौसष्ट लाटांच्या बेरजेने लिहावेत. असे केले की चित्राचे बहुतेक द्रव्य थोड्या स्थूल लाटांत गोळा होते, आणि सूक्ष्म लाटांचा हिशेब आणे-पै सोडून नुसत्या रुपयांत ठेवला तरी डोळ्याला तूट जाणवत नाही. काटकसर हाताबाहेर गेली म्हणजे आणेच नव्हे तर रुपयेही सुटतात, आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. तेच आपले ठोकळे. जेपेग छायाचित्रे, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४ या सर्वांचा पाया त्या 'फारच साध्या' कल्पनेवर किंवा तिच्या वंशजांवर उभा आहे.

यातली एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची नाही, ती अशी की, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेताना आधीच रुपयांवर पूर्णांक केलेल्या रकमा पुन्हा एकदा पूर्णांक कराव्या लागतात. प्रत्येक रूपांतरात काहीतरी कटते आणि ते परत येत नाही. नव्या यंत्राने, नव्या प्रणालीने, कितीही मोठे आकडे निवडले तरी टेपेवरून गेलेले चकतीवर येणार नाही आणि चकतीवरून गेलेले फोनवर येणार नाही. म्हणूनच ५७६ ओळींचे जुने चित्रण '१०८० फुल एचडी' करून देतो म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नमस्कार करतो. फाइल फुगते, चेहरा तेवढाच राहतो.

मग फोन सर्व लिप्या का वाचीत नाही? संगणकाच्या बुद्धीला सवड असते, ती कोणतीही लिपी अक्षरे जुळवीत वाचू शकते. फोनच्या चिपमध्ये मात्र ठराविक लिप्या वाचण्यासाठी स्वतंत्र मंडले कोरलेली असतात. ती लिपी आली की काम अल्प विजेत आणि झरझर होते, आणि निराळी आली की एक तर साफ नकार मिळतो, नाहीतर मुख्य प्रोसेसरला राबवून घेतल्यामुळे फोन तापतो व बॅटरी बघता बघता उतरते. एच.२६४चे मंडल आज बहुतेक प्रत्येक फोनमध्ये आहे, एच.२६५चे गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये. एव्ही१चे त्याहूनही नव्या फोनमध्ये, आयफोनमध्ये तर ते २०२३च्या पंधरा प्रो या प्रकारापासून आले. अॅपलने २०१७ साली आयफोनचा कॅमेरा एच.२६५मध्ये लिहिता केला, तेव्हापासून उलट्या दिशेच्या तक्रारीही ऐकू येतात: नातवाने फोनवर टिपलेले आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर उमटत नाही. त्यावर रूपांतराच्या भरीला पडण्याचे कारण नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या 'फॉर्मॅट्स' या सदरात 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की तो पुढे एच.२६४मध्येच लिहू लागतो.

सांगायचे तात्पर्य, रूपांतर करण्यापूर्वी ते करायचे आहे की नाही हे ठरवावे. माझी एक मामेबहीण मिरजेजवळच्या गावी राहते; निवृत्त शिक्षिका, ज्ञानेश्वरीवर संगणकावरून प्रवचने देते आणि ओबीएस नावाच्या फुकट प्रणालीने ती ध्वनिचित्रांकित करून ठेवते. तिच्या संगणकावर ही प्रणाली एमकेव्ही लखोटा वापरते आणि त्यात शहाणपण आहे: एमपीफोरची अनुक्रमणिका सामान्यतः चित्रण संपल्यावर लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर तासाभराचे प्रवचन असूनही नसल्यासारखे होते, एमकेव्हीमध्ये मात्र वीज जाईपर्यंतचे सुखरूप राहते, आणि वीज केव्हा जाईल याची शाश्वती तिच्या गावात ज्ञानेश्वरीइतकी नाही. पण तिच्या श्रोत्यांपैकी ज्यांच्याकडे आयफोन, त्यांच्या फोनला हा लखोटा फोडता येईना. "दादा, प्रत्येक प्रवचन बदलायला चाळीस मिनिटं लागतात आणि अक्षरं फिसकटतात ती निराळीच," असे तिने सांगितले तेव्हा माझ्या ध्यानात आले की ती बिचारी नुसता लखोटा बदलण्याऐवजी सबंध पत्र पुन्हा लिहून काढीत होती. आत मजकूर होता एच.२६४ आणि आवाज एएसी, दोन्ही फोनला पाठ. ओबीएसच्याच फाइल मेनूमध्ये 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' असा एक मार्ग आहे. त्याने चित्राला हात न लावता ते एमकेव्हीतून काढून एमपीफोरमध्ये ठेवले जाते. तासाचे प्रवचन काही सेकंदांत झाले, एकही ठिपका न बदलता. या सबंध विद्येत 'अस्सल बरहुकूम' हा शेरा निःशंकपणे मारता येईल अशी नक्कल ही एवढीच.

मुंजीचे तसे नव्हते. तेथे लिपीच एमपेग-२, म्हणजे पत्र पुन्हा लिहिणे प्राप्त होते. मी आधी चकतीवरचा 'व्हिडिओ टीएस' हा फोल्डर आहे तसा संगणकावर उतरवून घेतला, कारण वीस वर्षांच्या चकतीला वारंवार फिरवणे बरे नव्हे, आणि मग हँडब्रेक ही प्रणाली घेतली. एरिक पेटी यांनी ती २००३ साली सुरू केली. ती फुकट मिळते, आणि तिच्या पोटात बरेचसे काम करते ते फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभलेल्या एफएफएमपेग या प्रकल्पातील साहित्य. घरच्या माणसांची चित्रे अनोळखी संकेतस्थळावर चढवून तेथे रूपांतर करून घेण्याची जी चाल पडली आहे, ती मला पसंत नाही.

फणीच्या दात्यांचे कोडे येथे उलगडले. जुन्या दूरदर्शन संचासाठी चित्र सबंध पाठवीत नसत. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची, अशी पाळीपाळीने जात, आणि त्या काचेच्या नळीवर ती एकमेकांत मिसळून छान दिसत. मिनीडीव्ही कॅमेरा त्याच वळणाचा. पहिल्या अर्ध्या चित्रात बटूचा हात जेथे असतो तेथून दुसऱ्या अर्ध्यापर्यंत तो किंचित सरकलेला असतो. फोन दोन्ही अर्धी एकाच वेळी दाखवतो, आणि हाताच्या कडेला दाते फुटतात. रूपांतर करतानाच 'डीइंटरलेस' हा पर्याय लावला की प्रणाली ती अर्धी सांधून घेते. दुकानदाराने ते केले नव्हते, आणि वर चित्र मोठे करून ते दाते त्यात कायमचे शिजवले होते. त्या फाइलीवरून आता कोणालाही ते काढता आले नसते. चकती जपून ठेवली होती म्हणून निभावले.

वहिनींच्या लठ्ठपणाचे निदान सोपे निघाले. ७२० बाय ५७६ हे ठिपके चौरस नसतात. ते चारास तीन या प्रमाणात दाखवायचे असतात, आणि दुकानदाराने फोनचा पडदा भरून टाकण्याच्या सदिच्छेने ते सोळास नऊपर्यंत ताणले होते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

बाकीचे आकडे फार नाहीत. 'फास्ट ५७६पी२५' हा तयार साचा निवडला, चित्रलिपी एच.२६४, लखोटा एमपीफोर. आकार किती हवा हे न सांगता दर्जा किती हवा हे सांगणारा जो आर.एफ. नावाचा आकडा असतो, त्यात संख्या लहान तितका दर्जा वरचा. बावीसच्या आसपास सामान्यतः भागते, मी वीस ठेवला. आवाज चकतीवर डॉल्बीच्या एसी-३ लिपीत होता, जी पुष्कळ फोनना येत नाही; चित्र चालते पण मंगलाष्टका मुक्या, ही तक्रार बहुधा यातूनच उद्भवते; तो एएसीमध्ये घेतला. 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकटीत खूण केली, म्हणजे अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी न राहता आरंभी येते आणि फिल्म संपूर्ण उतरण्याची वाट न पाहता सुरू होते. आणि सबंध दीड तास संगणकाला जुंपण्याआधी अक्षतांचे तेवढे एकच मिनिट करून पाहिले. लोक नमुना म्हणून आरंभीचे मिनिट घेतात, जेथे गणपतीचे चित्र आणि 'शुभ उपनयन' ही अक्षरे निवांत उभी असतात. त्यावरून काहीच कळत नाही.

सव्वाचार जीबींचे सव्वा जीबी झाले. ते पाठवताना एक दक्षता घ्यावी लागली: व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवले तर ते स्वतःच्या मर्जीने पुन्हा एकदा लहान करून पाठवते, आणि आपला सारा खटाटोप मातीला मिळतो, तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडली तर दोन जीबींपर्यंत आहे तशी जाते.

पाठवण्यापूर्वी मात्र मी रुजवातीला बसलो. डाव्या हाताला संगणकावर चकती, उजव्या हाताला फोन. घेरा, मातृभोजन, मंगलाष्टका, एकेक प्रसंग दोन्हीकडे लावून पाहिला. वहिनी शेलाट्या होत्या. अक्षता पडल्या, आणि त्यांच्या आडून बटूचा चेहरा नीट दिसत राहिला. भिक्षावळीपाशी मात्र दोन्हीकडे चित्र एकाच जागी गोठले: माझी आई झोळीत तांदूळ घालायला वाकलेली, ओंजळ अर्धी उघडलेली, आणि तीन सेकंदांनी एकदम सरळ उभी. चकतीवर तेथे एक ओरखडा आहे. टेप असती तर... पण ती तर त्याच महिन्यात कोणाच्या तरी वरातीला गेली.

फाइल पाठवली, चकती कागदी पाकिटात घातली, आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले: 'अस्सल १. नक्कल १. रुजवात घेतली. भिक्षावळ, सेकंद ३, गहाळ.'